घाटात पिकअप मिळत नाही

सुदामानगर, इंदूर
१० नोव्हेंबर २०२४

चि. पुष्कर यास,
आशीर्वाद.

हे पत्र अनुश्रीच्या हाती देत आहे. ती रोज हातोदच्या बँकेत नोकरीला येते आणि तुझं गॅरेज बँकेसमोरच आहे, म्हणून टपालाची गरज नाही. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर मी काय बोललो आणि तू काय ऐकलंस, याला नंतर काही आधार राहत नाही. माझा जन्म सरकारी कचेरीत गेला. ज्या कामात पुढे वाद होऊ शकतो ते लेखी असावं.

आमच्या गाडीचा सायलेन्सर गंजून खाली लोंबत होता. दिवाळीच्या आधी तू स्वतः येऊन तो बदलून दिलास. कंपनीचा न लावता बाहेरचा लावलास, चकचकीत, मागे मोठं तोंड असलेला. हेतू चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र तेव्हापासून गाडीला पिकअप नाही. राजेंद्रनगरच्या पुलावर काल एक उसाच्या रसाचा हातठेला माझ्या पुढे गेला. ठेलेवाला वळून म्हणाला, "आओ बाबूजी, धक्का लगा दूँ?"

आता मुख्य गोष्ट. तुझ्या आईने अनुश्रीसाठी तुझ्या नावाने विचारणा केली, तिला आमचं उत्तर अजून गेलेलं नाही. आमच्या घरी मुलीच्या लग्नाला होकार देण्याआधी बापाने ओंकारेश्वराला नारळ ठेवून यायचं असतं आणि वाहन स्वतः हाकायचं असतं. आजोबा होळकर सरकारच्या नोकरीत होते, ते बैलगाडीने गेले. वडील जीप चालवायला शिकून गेले. नारळ ठेवायचा, घाट चढून घरी यायचं, हातपाय धुवायचे, मग उत्तर द्यायचं. जाताना उतार आहे, त्यामुळे देवापर्यंत गाडी पोचेल. परत येताना सिमरोलच्या अलीकडे घाट आहे. आजच्या स्थितीत गाडी तो चढणार नाही, आणि दुसऱ्याची गाडी मागून नारळ ठेवणं मला मान्य नाही.

सबब उत्तर थांबलेलं आहे. नाही असं म्हणत नाही. थांबलेलं आहे एवढंच म्हणतो.

लक्ष्मीकांत शेजवलकर

*

हातोद
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. मी हे उत्तर आधी कच्चं लिहून मग पक्कं करतो आहे. शुद्धलेखनाची चूक राहिली असेल तर क्षमा असावी. अनुश्री म्हणाली, "एवढा विचार लग्नाचाही करत नाहीत लोक." मी म्हणालो, हे लग्नाचंच आहे.

पिकअप गेल्याचं वाचून मला फार टेन्शन आलं. सायलेन्सर मी लावला, म्हणजे कारण मीच शोधायला हवं. इंजिनाजवळ जिथे नवा पाइप जोडला आहे तिथे गॅस्केट नीट बसलं नसेल तर बारीक फट राहते. तिथून बाहेरची हवा आत जाते. पुढे एक सेन्सर असतो, तो धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवतो. फटीतली हवा त्याला लागली की त्याचा हिशेब बिघडतो आणि गाडी दम देत नाही. मला आधी हाच संशय आहे. दुसरं म्हणजे सेन्सरची वायर काम करताना सैल झालेली असू शकते. तिसरं कारण मला रात्री सुचलं होतं, पण सकाळी ते चुकीचं वाटलं, म्हणून लिहीत नाही.

कृपया एवढं कळवावं. गाडी थंड असताना जोर नसतो, की तापल्यावरही? कोणत्या गिअरमध्ये? मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का? आणि आवाज कसा येतो? जोडाजवळ फट असेल तर फट-फट असा आवाज येतो.

रविवारी परवानगी असेल तर गाडी पाहायला येईन. मी सोबत डबा आणीन, काकूंना जेवणाचा त्रास नको.

आपला नम्र,
पुष्कर मोघे

*

सुदामानगर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. पुष्कर यास,
आशीर्वाद.

तू विचारलेल्या गोष्टींची उत्तरं देतो. थंड असतानाही जोर नसतो, तापल्यावरही नसतो. दुसऱ्या गिअरमध्ये थोडा असतो, पण मी तिथे फार थांबत नाही. तिसऱ्यात कमी, चौथ्यात नाही. पिवळा दिवा लागत नाही.

आवाजाबद्दल विचारलंस. आवाज आहे.

त्याविषयी अधिक लिहिण्यासारखं नाही.

रविवारी ये. डबा आणू नकोस. सरलाकाकूने तुझ्या डब्याची गोष्ट वाचली आणि ती माझ्यावरच चिडली, जणू मी तुला तो आणायला सांगितला. ती म्हणाली, "पोराला भीती घालून ठेवली आहे तुम्ही." मी तिला माझ्या पत्राची नक्कल आणि तुझं पत्र, दोन्ही दाखवली. त्यांत भीती घातल्याचा उल्लेख कुठेही नाही.

लक्ष्मीकांत शेजवलकर

*

हातोद
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

काल आपण मला गाडीखाली काम करताना पाहिलंच, तरी जे झालं ते लिहून देतो.

जोडाच्या गॅस्केटला खरोखर फट होती. नखाच्या टोकाएवढी. मी नवं गॅस्केट लावून बोल्ट परत कसले. सेन्सर काढून साफ केला, वायर तपासली, लॅपटॉप लावून वाचलं, कुठलीही चूक दाखवत नाही. पाइपात कचरा, चिंधी, उंदराचं घर असं काही नाही. हेही मी टॉर्च लावून आतून पाहिलं. आवाज नियमात आहे की नाही हे मशीनने मोजून घेतलं, तो नियमात आहे. चौकातल्या अर्ध्या स्कूटर्स त्याहून जास्त आवाज करतात.

त्यानंतर आपल्या परवानगीने मी गाडी एकटा घाटात नेऊन आणली. काका, हे कसं लिहावं ते मला कळत नाही. गाडी चढली. सर्वात मोठ्या वळणावरसुद्धा चढली. खाली उतरून पुन्हा चढवली, पुन्हा चढली. तिसऱ्यांदा पण चढली. मी आनंदात नव्हतो, कारण मला वाटलं की ही नक्की काहीतरी लपवते आहे.

गॅस्केटचाच दोष असावा आणि तो आता गेला, असं मी समजतो. एक शंका पेट्रोलची आहे. टाकीतलं जुनं असेल तर संपू द्यावं.

कृपया एकदा आपण चालवून पाहावी.

पोहे फार छान होते, काकूंना सांगावं. मी तिसऱ्यांदा घेतले नाहीत ते आवडले नाहीत म्हणून नाही.

आपला नम्र,
पुष्कर

*

सुदामानगर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. पुष्कर यास,
आशीर्वाद.

काल सरलाला बरोबर घेऊन घाटात गेलो. नारळ नेला नव्हता, ही केवळ चाचणी होती. टाकीत नवं पेट्रोल होतं.

उतरताना काही अडचण आली नाही. परत चढताना दुसऱ्या मोठ्या वळणावर गाडी थरथरली आणि बंद पडली. मागे बस होती. बसच्या मागे ट्रक होते. कंडक्टर खाली उतरून माझ्या खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "बाबूजी, चढ़ानी नहीं आती तो घर में रखो इसे, पूजा करो." मी त्याला गाडीची परिस्थिती समजावून सांगितली. तो म्हणाला, "अरे भिया, सायलेंसर तो हवाई जहाज का लगा रखा है!" दोघातिघांनी ढकलून गाडी कडेला घेतली. पुढे एका टॅक्सीवाल्याने ती वर नेऊन दिली. तो चालवत होता तेव्हा ती चढली.

तुझ्या हाती चढते. टॅक्सीवाल्याच्या हाती चढते. माझ्या हाती चढत नाही. मी तरुणपणापासून गाडी चालवतो आहे आणि माझ्या हातून कधी कुणाला खरचटलेलं नाही. यातून काय अर्थ काढायचा, तो तूच लिही.

एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. तू पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षी सोडलंस हे आम्हाला माहीत आहे. कारण घरचं होतं, तेही माहीत आहे. पण हाती घेतलेलं काम तू शेवटपर्यंत नेतोस की नाही, एवढं पाहणं मुलीच्या बापाचं काम आहे. गॅस्केट, मग सेन्सर, मग पेट्रोल. आता पुढे काय? हवा बदलायला सांगशील?

उत्तर लवकर पाठव.

लक्ष्मीकांत शेजवलकर

*

सुदामानगर
मंगळवार

प्रिय पुष्कर,

हे मी अनुश्रीच्या डब्याच्या पिशवीत टाकते आहे, ह्यांना माहीत नाही. तू गाडीखाली झोपून इतकं शोधलंस, मला बघवेना. अरे बाळा, खाली काही नाही. मी शेजारच्या सीटवर बसते, मला सगळं दिसतं.

गाडीने आवाज केला की हे पाय उचलतात.

बस, एवढंच आहे. जरा वेग घेतला, मागून घुर्र झालं, की ह्यांचा पाय वर. मग पटकन वरचा गिअर, म्हणजे गाडी गप्प बसते. घाटातही तेच. तिसऱ्यात टाकली, घुर्र झालं, पाय वर, चौथा गिअर! चढावर! मी म्हटलं, "अहो, ती रडते आहे." तर म्हणाले, "रडू दे, ओरडायला नको."

झालं काय, की तू सायलेन्सर लावलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी महूनाक्याच्या सिग्नलवर बाइकवरची दोन पोरं बाजूला आली. "क्या बात है काका! अब जाके जवानी चढ़ी?" सगळे हसले. मलाही हसू आलं, ते मी दाबलं. ह्यांनी जन्मात कधी आवाज चढवला नाही रे. शेजारच्यांचा कुत्रा आमच्या जिन्यात घाण करतो तर हे त्यांना चिठ्ठी लिहितात. आता तर गाडीने आवाज केला की काच खाली करून रस्त्यावरच्या माणसाला "माफ कीजिए" म्हणतात. परवा एका गाईला म्हणाले.

मी सांगितलं तर म्हणतात, तुला गाडीतलं काय कळतं. तू सांगितलंस तर काय म्हणतील ते मला सांगता येत नाही. ह्यांना खोटं चालत नाही आणि खरं पचत नाही. तू काय करायचं ते तू ठरव. फक्त माझं नाव घेऊ नकोस.

अनुश्री दोन दिवस नीट जेवत नाही. हेही मी सांगितलं असं सांगू नकोस.

सरलाकाकू

*

हातोद
४ डिसेंबर २०२४

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. अनुश्री रोज संध्याकाळी बँक सुटल्यावर गॅरेजच्या दाराशी उभी राहून "झालं का लिहून?" असं विचारत होती आणि मी रोज "उद्या" म्हणत होतो. काल ती म्हणाली, "बाबांना एवढं घाबरतोस तर माझं काय होणार?" म्हणून आज लिहितो आहे.

काका, मला दोन पत्रं लिहिता येत होती. पहिलं मी लिहूनही ठेवलं होतं. त्यात असं होतं की बाहेरचा सायलेन्सर खराब निघाला, चूक माझी, मी कंपनीचा आणून बसवतो, मग सगळं ठीक होईल. ते खोटं धरता आलं नसतं. कंपनीचा बसवला की गाडी खरोखर चढली असती. आपण नारळ ठेवून आला असता आणि मला माझं उत्तर मिळालं असतं.

ते पत्र मी पाठवलं नाही. मला वाटलं की उद्या मी आपल्या घरचा झालो तर मला दर वेळी असंच काहीतरी बदलून द्यावं लागेल, आणि खरं काय ते कुणीच कुणाला सांगणार नाही. मी डिप्लोमा अर्धा सोडला आहे. म्हणून हे तरी पूर्ण लिहितो.

मी निवडलेला पाइप आपल्या इंजिनासाठी रुंद आहे. इंजिन छोटं आणि पाइप रुंद असला की गाडीचा खालचा जोर थोडा कमी होतो. इंजिन जोरात फिरू लागलं की मग तो मिळतो. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भिया, ससुरजी खुश हो जाएँगे," आणि मी बाकी काही विचारलं नाही. हा दोष माझा आहे आणि तो खरा आहे. पण एवढ्याने गाडी घाटात बंद पडत नाही.

ती बंद पडते कारण जोर जिथे आहे तिथे आपण तिला जाऊ देत नाही. तिथे जाताना आवाज होतो. आवाज झाला की आपण पाय उचलता आणि वरचा गिअर टाकता. मग तिच्याकडे आवाजही नसतो आणि जोरही नसतो. मी आणि तो टॅक्सीवाला आवाजाकडे लक्ष देत नाही, म्हणून आमच्या हाती चढली. आपल्या हातात काही कमी नाही. आपल्याला लोकांना त्रास देववत नाही, एवढंच आहे.

हे मला कसं कळलं ते कृपया विचारू नये.

मी दोन्ही करायला तयार आहे. आपण सांगाल तर रविवारी कंपनीचा सायलेन्सर बसवीन, तो मी आणून ठेवला आहे. किंवा आहे त्याच सायलेन्सरने घाट चढवायचा असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, पाय दाबलेला ठेवावा आणि ती ओरडली तरी तिला ओरडू द्यावं. त्यात इंजिनाला काही होत नाही. माणसालाही काही होत नाही, असं मला वाटतं, पण ते मी खात्रीने लिहू शकत नाही.

आपल्याला राग आला असेल तर आपलं उत्तर काय असेल ते मला समजतं. तरी ते लेखी मिळावं अशी विनंती आहे. अनुश्रीच्या तोंडून ऐकायला मला जमणार नाही.

आपला नम्र,
पुष्कर

*

सुदामानगर
८ डिसेंबर २०२४

चि. पुष्कर यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारी ते पुन्हा वाचलं. तुला कसं कळलं ते विचारत नाही. गाडीत दोनच माणसं असतात आणि त्यांपैकी एक मी आहे.

शनिवारी घरून गाडी काढली, अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत गेलो आणि पाय न उचलता परत आलो. दोन माणसांनी वळून पाहिलं. बाकीच्यांनी पाहिलं नाही. हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की सगळे पाहतात.

आज पहाटे सरलाला घेऊन निघालो. नारळ बरोबर घेतला. ओंकारेश्वराला गर्दी होती, पण नारळ नीट ठेवला गेला. पुजाऱ्याने "किस काम का है?" असं विचारलं. मी "घर का" एवढंच म्हणालो, कारण काम अजून झालेलं नव्हतं.

परतताना घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवली. सरला म्हणाली, "चहा घेऊ." मी म्हणालो, वर गेल्यावर घेऊ. दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. गाडी जी ओरडायला लागली ती ओरडतच राहिली. पहिल्या वळणावर कठड्यावर बसलेली माकडं उठून गेली. सरलाने पदराने कान झाकले. माझा पाय दोनदा आपोआप उचलला जाऊ लागला, मी तो परत ठेवला. मागच्या वेळी जिथे बंद पडली होती त्या वळणावर एक बस आमच्या बाजूने चालली होती, दोन्ही गाड्यांचा वेग जवळपास सारखा होता, म्हणून ती बराच वेळ खिडकीला खिडकी लावून राहिली. मी काच खाली केली नाही. ती आधीपासून खालीच होती, आणि कुणाची माफी मागायला नव्हती, सरलाला गरम होत होतं म्हणून होती.

सरलाने काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. तिने कानाशी येऊन विचारलं, "पोराचं काय ठरवलंत?" मी म्हणालो, घरी गेल्यावर, हातपाय धुऊन. तिला ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "काय?" मी पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, "नाही म्हणताय?" मी नाही म्हणालो नव्हतो, पण गाडीच्या आवाजात हे तिला समजावणं शक्य नव्हतं, आणि तिचे डोळे भरून आले होते. घाटात गाडी थांबवता येत नव्हती. थांबवली असती तर ती परत चढली नसती.

म्हणून मी ओरडलो. "हो म्हणतोय! पुष्करला लग्नाला हो म्हणतोय!"

घरी पोचून मग उत्तर द्यायची आमची पद्धत माझ्या हातून मोडली. वडील असते तर त्यांनी मला पुन्हा नारळ घेऊन पाठवलं असतं. बसच्या खिडकीतली एक म्हातारी बाई मान बाहेर काढून म्हणाली, "किसकी शादी है, बाबूजी?"

मी तिलाही ओरडून सांगितलं. मुलीचं नाव सांगितलं, तुझं नाव सांगितलं, हातोद सांगितलं. तिने खिडकीतूनच दोन्ही हात वर करून आशीर्वाद दिला, आणि घाट संपेपर्यंत ती बसमधल्या बाकीच्यांना सांगत होती.

पुढच्या रविवारी आईला घेऊन ये. जेवायलाच या, डबा आणू नकोस.

लक्ष्मीकांत शेजवलकर